अक्काच्या बाजूचं चाक

आमच्या मामांनी आयुष्यात दोनच गोष्टी माप न घेता घरी आणल्या. एक मामी आणि दुसरी डबी. "दोन्ही अंगाला बरोबर बसल्या," असं मामा चारचौघांत सांगत. "बसल्या नाहीत, बसवून घेतल्या," असं मामी स्वयंपाकघरातून सांगत, आणि मग मामा घाईघाईनं हवापाण्याच्या गप्पांवर येत.

मामा शिंपी. गळ्यात कापडी टेप इतकी कायमची, की सगळी गल्ली त्यांना टेपमामा म्हणायची. घरच्या एका जुन्या फोटोत सगळे पुरुष टाय लावून उभे आहेत आणि मामा टेप लावून. त्यांना स्वतःला हे फोटो हातात आल्यावर कळलं. "मग काय बिघडलं? तुमच्या टायवर आकडे तरी आहेत का?" म्हणाले. मापायची खोड अशी, की दवाखान्यात कुणाला बघायला गेले तरी आधी पलंगाची लांबी बघायचे आणि रोग्याला विचारायचे, "पाय बाहेर येतात का हो तुमचे?" नवं दार, नवी चप्पल, शेजाऱ्यांचा नवा जावई, कशावरूनही त्यांची नजर आधी वरून खाली फिरायची आणि मग आडवी.

डबी म्हणजे त्यांची मोटार. गोल डोळ्यांची, चार दारांची. एवढ्याशा गाडीला चार दारं कशाला, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक; दोन दारं एकदम उघडली की गाडीपेक्षा दारंच जास्त दिसायची. तिचा कारखाना कधीच बंद पडला होता. मामांचं एक गिऱ्हाईक गाव सोडून निघालं, तेव्हा त्यानं ती विकायला काढली. मामा तिच्याभोवती तीनदा फिरून आले, तोंडानं "बघू, विचार करू" म्हणत होते, तेव्हा शेजारी उभी असलेली अक्का म्हणाली, "बघतोस काय बाळ्या? नवरी आहे का ती? घे."

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. माझी मावशीच, पण तिला मावशी म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती जगाची अक्का होती. घरात शिलाई मशीन आलं ते तिचं. मामा लहानपणी त्या मशीनखाली बसून लोहचुंबकानं टाचण्या गोळा करायचे आणि वर अक्का ब्लाउज शिवता शिवता गिऱ्हाइकांशी बोलायची, ते ऐकायचे. त्यांचं सगळं शिक्षण असं पायडलजवळ झालं. पुढे मामांनी स्वतःचं दुकान थाटलं, तीन पाखांचा आरसा आणला, कापायचं भलंमोठं टेबल केलं, पण दुकानाचे दोन कायदे अक्काचेच राहिले.

पहिला कायदा स्टुलाचा. आरशासमोर एक लाकडी स्टूल होतं. गिऱ्हाईक नवी पँट चढवून, पोट आत ओढून, आरशात स्वतःवर खूश होऊन उभं राहायचं. मामा म्हणायचे, "बसा."

"अहो, झकास झालीय की!"

"उभ्यानं झकासच असते. पँट घालून तुम्ही आयुष्यभर उभे राहणार आहात का? बसा."

गिऱ्हाईक बसायचं, आणि पँट खरं काय ते बोलायची.

दुसरा कायदा असा, की दुकानात 'जाड' हा शब्द काढायचा नाही. बटण लागत नसेल, शिवण ताणली जात असेल, तर मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "कापताना माझं चुकलं." गिऱ्हाईक गेल्यावर मी एकदा हसलो, तर केवढे भडकले! "गिऱ्हाईक जाड नसतं, भाचेबुवा. कपडा चुकलेला असतो. माणसाला कपड्यात बसवायचं नाही, कपडा माणसावर बसवायचा." हे वाक्य अक्काचं. ऐकणाऱ्याला वाटावं एखाद्या संतानं सांगितलंय.

आता डबीतल्या जागा सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचं सगळं रामायण त्या जागांचं आहे. मामी घरात येण्याआधी अक्का पुढे, मामांच्या शेजारी बसायची. मामी आली त्या दिवशी अक्कानं स्वतः पुढचं दार उघडून तिला बसवलं आणि आपण मागे गेली. मागे, डावीकडे. तिथून मामांचा अर्धा चेहरा दिसायचा आणि त्यांच्या गाडी चालवण्यातल्या चुका पूर्ण दिसायच्या. त्या दिवसापासून ती जागा अक्काची झाली, तिथे तिची फुलाफुलांची उशी राहू लागली. त्या बाजूच्या दाराची कडी आधी वर ओढून, मग गुडघ्यानं दार दाबून, मग सोडून उघडायची असे. हे फक्त अक्काला जमायचं. मी लहानपणी मधोमध, उंचवट्यावर, पाय दोन्हीकडे टाकून बसायचो. डबीतला रेडिओ वळणावरच लागायचा. सरळ रस्त्यावर खरखर आणि वळलो की गाणं. त्यामुळे रविवारी आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर निघालो, की मामा आख्खं गाणं ऐकवण्यासाठी चौकाला दोन-दोन फेऱ्या मारायचे आणि मागून अक्का ओरडायची, "बाळ्या, मला भोवळ येतेय, गाणं पुरे!" तळ्याकाठी घडीच्या खुर्च्या मांडायच्या, थर्मासातला चहा झाकणातून प्यायचा, आणि अक्कानं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांचे माप चुकलेले भाग मामांना हळूच दाखवायचे. "तो बघ, निळा शर्ट. खांदा उतरलाय." "बघितला." "कुणी शिवलाय?" "मी नाही." "देवाची कृपा."

अशी वर्षं गेली. अक्का अंगानं भरदार, आणि दर रविवारी त्याच जागेवर. त्यामुळे डबी हळूहळू मागून डावीकडे किंचित कलली. रिकामी उभी असली तरी वाटायचं, आत कुणीतरी बसलंय. मामा म्हणायचे, "प्रत्येकाचा एक खांदा उतरता असतो. हिचा हा."

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. अक्काची लेक परदेशात, तिनं हट्टच धरला, की आता एकटं राहायचं नाही, माझ्याकडे कायमचं ये. अक्कानं वर्षभर नाही-नाही करून शेवटी हो म्हटलं. तिकीट आलं. घर आवरायला लागली तेव्हा म्हणाली, "बाकी काही नको मला. जायच्या आधी एक रविवार डबीतून तळ्यावर घेऊन चला. मग हवं तिकडे पाठवा."

मामांनी त्याच दिवशी डबी पुसायला काढली, आणि तेव्हाच समजलं, की डबीची लोखंडी चाकं कामातून गेली आहेत. दोनांतून हवा काठानं सुटत होती. टायरवाल्यानं एका रिमवर हातोडी नुसती टेकवली तर गंजाचा पापुद्रा सुटून हातात आला. "मामा, यावर मी टायर चढवणार नाही. तुम्ही मला प्रिय आहात," तो म्हणाला.

आमचा गॅरेजवाला, त्याला आम्ही उस्ताद म्हणतो, त्यानं सगळीकडे फोन फिरवले. तशी लोखंडी चाकं आता कुणी बनवत नव्हतं. "अलॉय बसवा," उस्ताद म्हणाला. "त्या मापात मिळतात. हलकी असतात, गंजत नाहीत. पण मामा, एक सांगून ठेवतो. चार बोल्टची भोकं जुळली म्हणजे लग्न जुळलं असं नाही."

"तू मला माप शिकवतोस?" मामांनी टेप गळ्यातून काढली, तलवार उपसावी तशी.

चाकांच्या दुकानात मी बरोबर गेलो होतो. भिंतीवर चाकं टांगलेली, ताटं मांडावी तशी. चाकवाला तरणाबांड, बोलायला गोड, पण एका हातानं सतत पँट वर ओढत होता. वरचं चाक काढायला दोन्ही हात लागायचे, तेव्हा बिचाऱ्याची फार कुचंबणा व्हायची. मामांची नजर चाकांवर जायच्या आधी त्या पँटवर गेली. "कमरेत दोन इंच सैल," ते माझ्या कानात पुटपुटले. "आणि बैठकीत कापड कमी. कुठल्या कसायानं कापलीय?"

मग चाकं बघायला लागले. डबीच्या जुन्या चाकाचा त्यांनी घरून कागद कापून आणला होता, शर्टाचा कापतात तसा, बोल्टच्या भोकांसकट. तो प्रत्येक चाकावर ठेवून बघायचा. एका ठिकाणी चार भोकं जुळली, पण मधलं मोठं भोक, जे गाडीच्या हबवर, म्हणजे आसाच्या टोकाच्या गोलावर, चपखल बसायला हवं, ते मोठं निघालं.

"चालतंय काका," चाकवाला म्हणाला. "आत रिंग घालून देतो. बरोबर बसतं. सगळे घालतात."

"म्हणजे गळा मोठा कापायचा आणि आतून पट्टी लावायची. आमच्या धंद्यात याला चूक म्हणतात, तुमच्यात रिंग म्हणतात. पुढचं दाखव."

असं करत करत एक चाक आलं आणि मामा पुढे वाकले. पाच टोकांचं, चांदणीसारखं, चकचकीत, काठाशी बारीक चमकती रेघ. भोकं जुळली. मधला गळा जुळला. मामांनी त्यावरून तळवा फिरवला, चांगल्या सुटिंगवरून फिरवतात तसा, आणि मला कळलं, की हा माणूस गेला.

"याचा ऑफसेट थोडा कमी आहे, काका," चाकवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणजे चाकाचा जो भाग हबला टेकतो ना, तो आत-बाहेर कुठे आहे, त्यावर चाक मडगार्डच्या आत राहतं की बाहेर येतं ते ठरतं."

"कळलं. बाही खांद्यावर कुठे जोडायची, ते."

"तसंच. हे जुन्यापेक्षा रुंदही आहे जरासं. बाहेर येईल. पण भारदस्त दिसतं."

"किती येईल?"

"बोटभर."

मामा माझ्याकडे वळले. "चला, गॅरेजवर. बोटभर जागा आहे का बघू."

डबी गॅरेजमध्ये जॅकवर होती. जुनी चाकं काढायची म्हणून उस्तादानं ती चारही बाजूंनी उचलून ठोकळ्यांवर ठेवली होती. बाजारातून आलेल्या पिशव्या खुंटीला लटकतात, तशी तिची चाकं स्प्रिंगांसकट खाली लोंबत होती. मामा मागच्या डाव्या चाकापाशी वाकले, चाक आणि मडगार्डमध्ये हात घातला. आख्खा पंजा आत गेला. "बोटभर काय घेऊन बसलास, इथे पाची बोटं जातायत!" टेप लावली, आकडा मोठ्यानं वाचला, उस्तादाला ऐकवला. उस्ताद दुसऱ्या गाडीखाली होता. त्याचे फक्त पाय बाहेर होते, ते होकारार्थी हलले. ठरलं.

चांदण्या बसल्या. डबी खाली उतरवली, पुसली, आणि खरंच, म्हातारीला कुणी तिच्या तरुणपणीचे दागिने घालावेत तशी ती दिसायला लागली. मामा एकटे गल्लीतून फेरी मारून आले. मग उस्तादाला पुढे बसवून फेरी. मग मला पुढे बसवून फेरी. न्हाव्यानं गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून बाहेर येऊन बघितलं. मामी दारातून म्हणाली, "माझ्या बांगड्या बघायला कधी एवढी माणसं जमली नाहीत."

रविवारच्या आधी एक रंगीत तालीम म्हणून शनिवारी संध्याकाळी अक्काला घेऊन चक्कर मारायचं ठरलं. अक्का काठी टेकत खाली आली. चाकांकडे बघून म्हणाली, "बाळ्या, सर्कशीत नोकरी धरलीस काय?" पण खूश होती. कडी वर, गुडघा, सोड. दार उघडलं. उशीवर बसली. डबी तिच्या बाजूला खाली गेली, सवयीनं, जुन्या मित्रानं मान वाकवून नमस्कार करावा तशी. मी पलीकडे, मामी पुढे.

गल्लीच्या तोंडाशी मामांनी गाडी वळवली आणि मागून आवाज आला. खर्रर्र.

"काय वाजलं?" अक्का.

"रेडिओ असेल," मामा म्हणाले. रेडिओ बंद होता.

पुढे स्पीडब्रेकर. खर्रर्र-खट्.

"रस्ता खराब आहे हल्ली," मामा.

चौकात पुन्हा वळलो तर आवाजाबरोबर जळक्या रबराचा वास आला. तेवढ्यात फुटपाथवरचा एक उपकारी इसम, असे इसम प्रत्येक फुटपाथवर एकेक नेमून दिलेले असतात, दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "ओ काका! मागचं डावं घासतंय! त्या बाजूला वजन जास्त झालंय!"

मामी पुढे बघत राहिली. मी खिडकीची कडी न्याहाळू लागलो.

"थांबव," अक्का म्हणाली.

"अगं अक्का, तो मूर्ख..."

"बाळ्या, थांबव म्हटलं ना."

ती उतरली. आणि उतरताना तिनं खाली हात घातला आणि उशी काढून काखेत घेतली. एवढ्या वर्षांत ती उशी धुण्याखेरीज डबीतून कधी बाहेर आली नव्हती. काखेत उशी, हातात काठी, फुटपाथच्या कडेनं ती घराकडे चालायला लागली. मामा डबी तिच्या मागे-मागे हळूहळू चालवत राहिले आणि खिडकीतून बोलत राहिले. अक्कानं एकदाही वळून बघितलं नाही. अक्का उतरल्यावर डबीचा आता आवाजही येत नव्हता, हे तर आणखीच वाईट.

रविवारी तळं राहिलं. मामी अक्काकडे जाऊन आली, मी जाऊन आलो. अक्का कपाटं आवरत होती, चेहरा अगदी शांत. "टॅक्सीनं जाऊन येईन मी," म्हणाली. "टॅक्सीला घरचं कुणी नसतं. कितीही घासली तरी मनाला लागत नाही." मग एक साडी घडी करता करता म्हणाली, "बाळ्यानं हौसेनं आणलीत चाकं. त्यांना नको खराब करायला." जायला पंधरवडा राहिला होता.

मामा दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, पण कात्रीला हात लावला नाही. मी दुपारी डोकावलो तर आरशासमोरच्या स्टुलावर बसले होते. तीन पाखांच्या आरशात तीन मामा, तिघांचीही तोंडं पडलेली. मला बघून म्हणाले, "भाचेबुवा, मी तिला बसवलंच नाही."

"अक्काला? बसवलं की!"

"डबीला रे, डबीला!" ते उठले. "टांगलेल्या गाडीचं माप घेतलं मी. ठोकळ्यांवर उभी होती ती, पोट आत ओढून. पाची बोटं जाणार नाहीत तर काय! आयुष्यभर परक्या माणसांना म्हणत आलो, बसून दाखवा, बसून दाखवा. आणि घरच्या गाडीला... चांदणी बघितली आणि डोळ्यांवर झापडं आली." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि ते माप अक्काच्या अंगावर गेलं. मी एका माणसाला जाड म्हटलं, भाचेबुवा. तेही कुणाला!"

त्यांनी टेप उचलली, टेबलावरचा शिंपीकामाचा चपटा खडू खिशात टाकला. मला म्हणाले, "कापडाचे तागे उचल. जड बघून घे. कोटाचे."

आम्ही गॅरेजवर गेलो. डबी जमिनीवर उभी केली, ठोकळेबिकळे काही नाही. मागच्या डाव्या सीटवर तागे रचायला सुरुवात झाली. आता किती रचायचे, हा नाजूक प्रश्न होता. अक्काची सगळी मापं मामांना तोंडपाठ होती, पण वजन आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि विचारून कुणी जिवंत राहिलं असतं असंही नाही. उस्ताद म्हणाला, "तागे काढा. मी आणि भाचेबुवा बसतो. दोघांत मिळून अक्का होते का बघा."

आम्ही दोघं एका सीटवर बसलो. उस्तादाच्या कोपराला ग्रीस होतं आणि माझ्या शर्टाला नव्हतं; थोड्या वेळानं माझ्याही शर्टाला होतं. मामा दूर उभं राहून, एक डोळा मिटून डबीचा उतरता खांदा बघत होते. "अजून जरा. हं, एक तागा मांडीवर घ्या. आता आली. आता बसली अक्का."

मग त्यांनी टायरच्या बाहेरच्या काठावर गोल खडू फासला, मामीला बोलावून पुढे बसवलं आणि गाडी काढली. गल्लीचं वळण, स्पीडब्रेकर, चौक. परत येऊन मडगार्डच्या आत आरसा धरून बघितलं. आतल्या काठावर खडूची पांढरी रेघ स्वच्छ उमटली होती, नेमकी जिथे टायर टेकत होता तिथे. मामांनी टेप लावली, जुनं चाक कुठवर होतं ते मांडलं, नवं कुठवर येतंय ते मांडलं. "बोटभर आत हवं," म्हणाले. "वजन आहे तेवढंच होतं इतकी वर्षं. जुनं चाक कधी घासलं? बाही बाहेर जोडलीय मी."

उस्ताद म्हणाला, "मडगार्डचा काठ आत दुमडून देऊ? हातोडीनं जमेल. चांदण्या राहतील."

मामांनी चांदण्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, हो म्हणतात. "कपडा चुकला म्हणून माणसाचा दंड तासायचा?" म्हणाले. "काढ ती चाकं."

चाकवाल्यानं आधी हात वर केले, एकच. दुसरा पँटीवर होता. "काका, टायर चढलेली चाकं परत घेत नाहीत. घासलेली तर नाहीच."

"घासला तो टायर. चाक नव्यासारखं आहे, बोट फिरवून बघ. बरं, ती पँट कुणी शिवली?"

"तयार घेतलीय."

"बस त्या खोक्यावर."

"काय?"

"बस म्हणतो ना."

तो बसला. पँट बोलली. मामांनी तिथल्या तिथे माप घेतलं, आणि 'दोन पँटी, माझ्या हातच्या, दोन्ही हात मोकळे राहतील' या बोलीवर चांदण्या भिंतीवर परत गेल्या. मग मामांनी आतल्या फळीवर मागे पडलेली काही साधी राखाडी चाकं बाहेर काढायला लावली. ना टोकं, ना चमक. शाळेच्या गणवेशासारखी. पण भोकं जुळत होती, गळा रिंगेशिवाय बसत होता, रुंदी जुनीच होती आणि ऑफसेट जुन्या चाकाशी अगदी मिळता.

"ही कुणी घेत नाही, काका. यात दिसण्यासारखं काही नाही."

"म्हणूनच दे."

चाकं बसली. पुन्हा मी, उस्ताद आणि एक तागा. पुन्हा खडू, वळण, स्पीडब्रेकर, चौक. मामांनी आरसा धरला. मडगार्डचा काठ कोरा, टायरवरचा खडू जसाच्या तसा. मामांनी मला मिठी मारली. ग्रीसनं माखलेल्या शर्टाला मिठी मारणारा शिंपी मी पहिल्यांदाच बघितला.

आता अक्का. मामा तिच्या घरी गेले, मी मागे. खोलीत उघड्या बॅगा, आणि फुलाफुलांची उशी बॅगेत भरायच्या ढिगावर सगळ्यात वर.

"अक्का, कापताना माझं चुकलं," मामा म्हणाले.

अक्कानं वर बघितलं. हे वाक्य तिनं स्वतः मशीनवर बसून हजारदा म्हटलेलं. "मला शिकवतोस होय रे? जाड गिऱ्हाइकांना बोलायचं वाक्य आहे ते. माझंच आहे."

"तुझंच आहे. पण तू नुसतं बोलायचीस की खरं मानायचीस?"

अक्का उघड्या बॅगेची चेन ओढायला लागली.

"मी डबीचं माप टांगून घेतलं. स्टुलावर बसवली नाही. सांग, कुणाचं चुकलं?"

"टांगून?" अक्काचे डोळे विस्फारले. "बाळ्या! टांगून माप घेतलंस? एवढी वर्षं धंदा करतोस आणि टांगून?" आणि मग तिनं त्यांना जे काही झाडलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामा खाली मान घालून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते मी त्या चांदण्या बघतानासुद्धा बघितलं नव्हतं. शेवटी ती दमली. म्हणाली, "आणि आता परत घासली तर?"

"तर कात्री खाली ठेवीन."

"काही नको नाटकं. ती उशी दे इकडे."

रविवारी निघालो. कडी वर, गुडघा, सोड. अक्का बसली, डबी कलली. गल्लीच्या वळणावर सगळ्यांनी श्वास धरला होता, डबीनंसुद्धा. अक्का मान तिरकी करून ऐकत होती. काही नाही. स्पीडब्रेकर आला, तिनं खिडकीवरचा पट्टा घट्ट पकडला. धप्प. एवढंच. चौकात वळलो आणि रेडिओ लागला, तोसुद्धा कुठल्याशा हवामानाच्या बातम्यांवर, पण मामांनी चौकाला आणखी दोन फेऱ्या मारल्या. "बाळ्या, मला भोवळ येतेय!" मागून अक्का ओरडली, आणि मामीनं पदरानं डोळे पुसले. कारण विचारलं तर म्हणाली, धूळ.

तळ्यावर खुर्च्या मांडल्या, चहा झाला. मामा दर थोड्या वेळानं उठून मागच्या डाव्या चाकापाशी वाकत होते.

"काय बघतोस सारखं?"

"खडू."

अक्का काठी टेकत आली. चाकाकडे बघितलं, काठीच्या टोकानं हलकेच टकटक केलं. "हीच ना जुनी?"

"नवी आहेत. ती परत केली."

"नवी? मला वाटलं जुनीच परत बसवलीस. दिसत नाहीत काही."

मामा उभे राहिले. "म्हणजे बसली," म्हणाले. पण परत येताना आरशातून मला विचारत होते, "अगदीच दिसत नाहीत का रे? कोपऱ्यातून बघितलं तर जरा उठून दिसतात, नाही?"

अक्का गेली. विमानतळावरही डबीतूनच गेली, पुढे नाही, मागे, डावीकडे. बॅग पुढच्या सीटवर आणि मामी माझ्याबरोबर स्कूटरवर. उशी तिनं नेली नाही.

परवा उस्तादानं डबीचं काम काढलं होतं. म्हणाला, "मामा, मागची डावी स्प्रिंग पार बसलीय. नवी टाकतो, गाडी सरळ उभी राहील."

मामांनी टेप गळ्यात नीट केली आणि रिकाम्या डबीकडे बघितलं. ती कलून उभी होती, आत कुणीतरी बसल्यासारखी.

"राहू दे," म्हणाले. "तिनं फोनवर सांगितलंय, यायची आहे म्हणून. आल्यावर परत कोण माप घेत बसेल?"